दारावरचा बिल्ला

कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर एक पाळणाघर आहे. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'दुर्गाबाईंचं पाळणाघर' असं लिहिलेलं. माझी मुलगी निशा दोन वर्षांची असताना मी तिला तिथे घातलं. पुढची दोन वर्षं रोज सकाळी साडेनऊला सोडलं आणि संध्याकाळी सहाला आणलं. या दोन वर्षांत मी त्या घरात एकदाही पाऊल टाकलं नाही. हे लिहिताना आता लाज वाटते, पण खरं आहे ते.

आत जायची पद्धतच नव्हती. जाळीच्या दारात दुर्गाबाई उभ्या असायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, जाड काड्यांचा चष्मा आणि आवाज असा की ऐकत राहावं. बावीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. "मुलं आत्ताच निजली आहेत, आपण आत न आलेलं बरं," हे त्या इतक्या गोड सुरात सांगायच्या की आपल्याला हाकललंय हे गल्लीच्या टोकाला पोचल्यावर कळावं. मग हातात वही ठेवायच्या. प्रत्येक मुलाची वेगळी वही, रोजचं अर्धं पान.

त्यांच्या मागे कधीकधी एक उंच, काटकुळा माणूस दिसायचा. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर पंचा, हातात भाजीची पिशवी नाहीतर बादली. निवृत्त नवरा दिसतोय, बायकोच्या कामात लुडबुड न करता पडेल ते करतो, बरा आहे बिचारा. एवढ्यावर मी त्यांना निकालात काढलं होतं. नावसुद्धा विचारलं नव्हतं.

आता माझा धंदा सांगते, म्हणजे तुम्हाला हसायला सोपं जाईल. मी नम्रता. शाळांमधून आणि कंपन्यांमधून मी लिंगभाव या विषयावर कार्यशाळा घेते. मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलं कशी वाढवावीत, घरातली न दिसणारी कामं कोण करतं, असे विषय. लोक टाळ्या वाजवतात, चहा-समोसा होतो, प्रमाणपत्रं वाटली जातात. त्यात माझी एक हुकमी स्लाइड होती. निशाच्या वहीतल्या एका पानाचा फोटो.

"वरणभात दोन वाट्या. दुसरी स्वतः मागितली. झोप दीड तास. उठल्यावर रडली नाही, नुसती रुसली. कारण विचारलं नाही. पावणेपाचला आपोआप हसली."

अक्षर गोल आणि टपोरं, रेघ सोडून कुठेही न गेलेलं. मी लोकांना विचारायची, "हे कोणी लिहिलं असेल?" सगळे एकसुरात म्हणायचे, "बाईनं." मग मी सांगायची, हो, आमच्या गल्लीतल्या दुर्गाबाईंनी. बघा, बायकांच्या मायेच्या श्रमाची कुठे नोंदच होत नाही, आणि ही बाई मात्र आपल्या लेकरांची नोंद करते! इथे हमखास दोन-चार डोळे ओले व्हायचे. एकदा माझेही झाले होते.

गेल्या माघात दुर्गाबाईंना हृदयविकाराचा झटका आला. तीन दिवस दवाखान्यात होत्या आणि गेल्या. आम्ही सगळ्या आया स्मशानात नाही, पण घरी जाऊन आलो. म्हणजे दारापर्यंत. पाळणाघर तेरा दिवस बंद राहिलं. चौदाव्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर दुर्गाबाईंच्याच नंबरावरून निरोप आला: "उद्यापासून पाळणाघर नेहमीप्रमाणे सुरू. कोंडीराम."

कोंडीराम कोण, हे निम्म्या जणींनी विचारलं. उरलेल्या निम्म्या जणींना कळलं आणि ग्रुप पेटला. एकटा पुरुष? अकरा मुलं? त्यात सहा मुली! एकीनं लिहिलं, "काका चांगले असतील हो, पण." त्या 'पण'पुढे तिनं काही लिहिलं नाही आणि लिहायची गरजही नव्हती.

मला भीती वाटली. उगाच मोठेपणा कशाला सांगू? चार वर्षांची मुलगी आणि जाळीच्या दाराआड एक माणूस, ज्याच्याविषयी मला पंचा आणि बादली सोडून काही ठाऊक नाही. रोजचं वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईला ती भीती वाटणारच, आणि ती वाटू नये असं मी आजही म्हणणार नाही. पण ती सरळ सांगायची सोडून, निशाला काढतेय हे कळवायला मी ग्रुपवर तीन परिच्छेदांचा मेसेज लिहिला. त्यात 'प्रश्न व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे' असं वाक्य होतं. अशी वाक्यं जमतात म्हणून तर मला बोलावतात.

त्याला कोंडीरामांचं उत्तर आलं: "ठीक आहे. निशाला वरणात लिंबू लागतं. नव्या जागी सांगा."

मी अंगठा पाठवला. लिंबाचं त्यांना कसं ठाऊक, हा प्रश्न मला पडला नाही. दुर्गाबाईंनी सांगितलं असेल, झालं.

निशाला मी वारज्यातल्या एका नव्या, चकचकीत जागी घातलं. तिथे गालिचे होते, वातानुकूलन होतं आणि आपल्या फोनवर मुलं दिसतील असे कॅमेरे होते. मुलांचे डबे निळ्या फळीवर, मुलींचे गुलाबी. हे मला पहिल्याच दिवशी खटकलं, पण कॅमेऱ्यांकडे बघून मी ते गिळलं.

दुसऱ्या आठवड्यात एका कंपनीत माझी कार्यशाळा होती. चहाच्या सुट्टीत मी फोन उघडला. वर्गात काहीतरी कार्यक्रमाची तयारी चालली होती. बाई मुलांना खुर्च्या हलवायला सांगत होत्या आणि मुलींना फुलं मांडायला. निशा एक छोटी खुर्ची दोन्ही हातांनी उचलून निघाली होती. बाईंनी हसत हसत तिच्या हातातली खुर्ची काढून शेजारच्या मुलाला दिली, तिच्या गालाला हात लावून तिला फुलांच्या परडीपाशी बसवलं. निशा बसली. परडीकडे बघत नुसती बसून राहिली, माझी सुट्टी संपेपर्यंत. त्यानंतर मी हॉलमध्ये गेले आणि माझी हुकमी स्लाइड दाखवली.

संध्याकाळी गाडीवर निशा म्हणाली, "तिथे फळाच नाहीये."

"कसला फळा?"

"कामाचा. तिथे कोण काय करणार ते बाईच सांगतात. आबांकडे फळा सांगतो."

"आबा कोण गं?"

माझ्या या प्रश्नावर ती मागे वळून अशी बघायला लागली की जणू दोन वर्षं रोज ज्या माणसाकडे मी तिला सोडत होते त्याचं नाव मी विचारते आहे. आणि होतंही तसंच.

घरी येऊन मी तिला समोर बसवलं आणि एकेक विचारत गेले. भात कोण भरवायचं? आबा. वेणी कोण घालायचं? आबा, पण कधीकधी प्रज्ञेश, कारण तो शिकत होता. झोपवायचं कोण? आबा. पडलीस की औषध कोण लावायचं? आबा. मोरीत कोण न्यायचं? सरूमावशी. सरूबाई म्हणजे तिथली कामवाली, एवढं मला ठाऊक होतं.

"आणि दुर्गाआजी काय करायच्या?"

निशानं थोडा विचार केला. "आजी दारात बोलायची," ती म्हणाली.

माझा नवरा अभिनव स्वयंपाकघरातून हे ऐकत होता. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. एवढंच म्हणाला, "तरीच पोरगी 'मले पाणी पाहिजे' म्हणायची. दुर्गाबाईंचं मराठी तर बातम्या दिल्यासारखं होतं. मी टीव्हीला दोष देत होतो."

शुक्रवारी मी त्या गल्लीत गेले. निमित्त होतं निशाच्या राहिलेल्या चादरीचं. माणसाला लाज वाटत असली की निमित्त लागतं.

जाळीचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीला दार नव्हतं. म्हणजे चौकट होती, बिजागऱ्यांच्या जागी भोकं होती आणि दार काढून बाल्कनीत उभं करून ठेवलेलं होतं. स्वयंपाकघराचंही तसंच. दारात उभं राहून सगळं घर आरपार दिसत होतं, फक्त मोरीचं दार तेवढं जागेवर होतं. खोलीत अकरा छोट्या गाद्या रचून ठेवलेल्या आणि मूल एकच, पाच वर्षांचा प्रज्ञेश. तो आणि कोंडीराम मिळून एका चादरीची घडी घालत होते. "टोकाले टोक, मंग मधात," कोंडीराम म्हणत होते, आणि प्रज्ञेश टोकाला टोक लावत त्यांच्यापर्यंत चालत येत होता.

मला बघून त्यांनी "या" म्हटलं आणि चादरीची घडी पुरी केली. मग वही उघडून प्रज्ञेशच्या पानावर लिहायला बसले. मी उभ्याउभ्या बघत होते. गोल, टपोरं अक्षर. रेघ न सोडणारं.

"ही वही तुम्ही लिहिता?"

"मंग कोन लिहीन?"

"म्हणजे... आधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तिचं काम बोलाचं, माह्यं काम लिहाचं. संध्याकाळी दारात जायच्या आधी ती हे वाचून घ्यायची. एक्स्चेंजमधली बाई, एकदा वाचलं का पाठ."

मी खालीच बसले. दोन वर्षं, किती हॉल, किती टाळ्या! बाईच्या अदृश्य श्रमाचा पुरावा म्हणून मी ज्या माणसाचं अक्षर मिरवत होते, तो माणूस माझ्यासमोर मांडी घालून बसला होता, आणि त्याच्याकडे मूल ठेवता येणार नाही असा तीन परिच्छेदांचा निवाडा मीच दिला होता. हे मी त्यांना सांगितलं. सगळं, स्लाइडसकट.

"कोनतं पान होतं?" त्यांनी विचारलं.

"रुसली होती ते. कारण विचारलं नाही, ते."

"हाव. तिचा फुगा फुटला होता," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी बरंच सांगितलं. एका दमात नाही. प्रज्ञेशला पाणी देता देता, मेथी निवडता निवडता. गाव मेहकरजवळचं. आई-बाप पहाटे रोजानं जायचे आणि पाठच्या चार भावंडांना कोंडीराम सांभाळायचे. एक काखेत, एक पाठीवर आणि उरलेली दोन नजरेत. वीस वर्षांचे असताना पुण्यात आले, पिंपरीकडे एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. फोरमननं आपली भाची दिली, ती दुर्गा. ही इथलीच, शिकलेली, एक्स्चेंजात नोकरीला. मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं, आता दुर्गा नोकरी सोडणार. तिनं सोडली नाही. यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली. रात्री यंत्रं, दिवसा चंपा. कारखान्यातली माणसं त्यांना 'आया' म्हणायची. "म्हणू द्या न," ते म्हणाले. "आया म्हणजे काही चोर नव्हे."

पुढे कारखाना बंद पडला. पंचेचाळिशी उलटलेली आणि येणारी कामं दोनच, यंत्रं आणि लेकरं. यंत्रं गेली, म्हणून पाळणाघर काढलं. दाराबाहेर पाटी लावली: 'कोंडीराम पाळणाघर'.

"तीन महिने एक लेकरू आलं नाही. बाया येत, पाटी पाहत, मले पाहत, अन् जात. मंग दुर्गानं पाटी बदलली. आठ दिवसांत सहा लेकरं. मी तोच, खोली तेच, पाळणे तेच."

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला न बाप्पा. मस्त आला. पण सहा लेकरं आल्यावर रागाले टाइम कुठी भेटते?"

मग त्यांनी मला फळा दाखवला. भिंतीवर लाकडी फळा, त्यावर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्यावर एकेक चित्र: झाडू, पाण्याचा गडू, चादर, भाजी, पाळणा, कंगवा, पाना, आणि शेवटी एक झाड. झाड म्हणजे सुट्टी. खिळ्यांवर पत्र्याचे गोल बिल्ले टांगलेले. कारखान्यात हजेरीला असतात तसेच, पण प्रत्येकावर ठोकून काढलेलं चित्र. निशाची भेंडी, प्रज्ञेशचा पतंग. दर सोमवारी सगळे बिल्ले एक खिळा पुढे सरकायचे. ज्याच्या वाट्याला झाडू आला त्यानं झाडायचं, ज्याच्या वाट्याला पाना आला त्यानं आबांबरोबर सायकलींचे नट आवळायचे. पाळणा आला तर तान्ह्या बाळाला झोका द्यायचा. आबांचा स्वतःचा चष्म्याचा बिल्लाही त्याच फेऱ्यात.

"हे मुलगा-मुलगी समान वगैरे म्हणून केलंत?" मी विचारलं. सवय जात नाही.

"कारखान्यात पाळीचा फळा असते तो विचारत नाही तू कोन. नंबर आला का काम करा लागते," ते म्हणाले. माझ्या दोन तासांच्या कार्यशाळेचं त्यांनी दोन वाक्यांत काम संपवलं.

फळ्यावर दाराचंही चित्र होतं, सगळ्यांच्या वर, वेगळ्या खिळ्यावर. तिथे एक बिल्ला होता, पोपटाचा. तो दुर्गाबाईंचा. अठरा वर्षं तो तिथून हलला नव्हता. बाकीचे सगळे फिरायचे, पोपट मात्र कायमचा दारावर. "तो राहू द्या," माझी नजर बघून कोंडीराम म्हणाले.

तेवढ्यात प्रज्ञेशची आई आली. शर्मिला. सरकारी कार्यालयात हिशेबतपासनीस आहे, अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती.

"तुम्ही प्रज्ञेशला काढलं नाही," मी म्हटलं. "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर येते." ती चपला काढत म्हणाली. "कधी अकराला, कधी तीनला. न सांगता. पंधरा दिवस चाललंय. मी विश्वासबिश्वास ठेवलेला नाही, तपासते." मग माझ्याकडे नीट बघून पुढे म्हणाली, "तुम्ही न तपासता ठेवलीत आणि न तपासता काढलीत. तुम्हीच त्या कार्यशाळा घेता ना?"

पुण्यात माणसाला उत्तर द्यायची संधी देऊन अपमान करत नाहीत. मी चादर उचलली.

निघताना कोंडीरामांनी सांगितलं, चंपा नागपूरला बोलावते आहे. घराचा करार वैशाखात संपतो. सहा लेकरं असली तर राहायचं, नसली तर फळा काढून गाडीत घालायचा. "सहा काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. "सहाच्या खाली झाले का पाळीच बसत नाही," ते म्हणाले. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि मेथीच्या काड्या गोळा करायला लागले.

मग मी सोमवारपासून चार दिवसांची रजा काढली आणि निशाला घेऊन तिथे जाऊन बसले. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, कोपऱ्यात, भिंतीला टेकून. कोंडीरामांनी मला अडवलं नाही की माझं स्वागतही केलं नाही. "भरवसा नका ठेवू," एवढंच म्हणाले. "येजा, पाहजा. कधीबी येजा." मोरीचं काम सरूबाईंकडे होतं, पहिल्या दिवसापासून, ते कोंडीरामांनीच ठरवलेलं. दारं त्यांनी बायको गेल्यावर स्वतःच उतरवली होती. "लोकायले भेव वाटते तं वाटते. भेवाले उजेड दाखवावा," म्हणाले.

चार दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर काही मोठं घडलं नाही. निशानं वरणात लिंबू पिळून दोन वाट्या भात खाल्ला. प्रज्ञेशनं तिची वेणी घातली, ती तिरकी झाली, त्यानं सोडून परत घातली. निशा एकदा पडली तेव्हा कोंडीराम "काही नाही झालं" असं म्हणाले नाहीत. "कुठी लागलं ते दाखव" म्हणाले. प्रज्ञेशला गोष्टीतल्या वाघाची भीती वाटून रडू आलं तेव्हाही तेच. मुलगा असून रडतोस, हे वाक्य त्या घरात कुणाला ठाऊकच नसावं. एरवी माझ्या तोंडूनही ते कधीमधी निसटतं, निशाच्या मामेभावासमोर.

गुरुवारी मी ग्रुपवर लिहिलं. या वेळी परिच्छेद नव्हते. "मी घाबरले होते आणि सांगितलं वेगळंच. चार दिवस आत बसून आले. तुम्हीही बसा, मग ठरवा. आणि वही दुर्गाबाई लिहीत नव्हत्या." पुढच्या आठवड्यात एकजण येऊन बसून गेली, मग दुसरी. तिघींनी मुलं परत आणली. बाकीच्यांनी नाही आणली, आणि त्यांना दोष देणारी मी कोण? निशा, प्रज्ञेश आणि ही तीन मिळून पाच झाली. वैशाखाला वीस दिवस राहिले होते.

सहावं आलं ते एका सोमवारी सकाळी. मी निशाला सोडायला आले होते आणि मुलं फळ्यापाशी जमून बिल्ले सरकवत होती. दारात एक तरुण बाई उभी राहिली. कडेवर तीन वर्षांची मुलगी, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. तिनं पाटी वाचली आणि मला विचारलं, "दुर्गाबाई आपणच का?"

कोंडीराम आत होते. हातात भिजवलेल्या कणकेचा गोळा तसाच धरून ते ओट्यापाशी थबकले. पुढे आले नाहीत. अठरा वर्षांत त्या दारात नव्या पालकाशी बोलणं त्यांनी एकदाही केलेलं नव्हतं. दार त्यांचं नव्हतं.

आणि मी काय केलं असेल? पुढे झाले. पदर असता तर खोचलाही असता. "या ना," मी छान, ठेवणीतल्या आवाजात सुरुवात केली, "मी सांगते तुम्हाला. आमच्याकडे ना..."

माझा कुर्ता कुणीतरी ओढला. निशा होती.

"आई, तुझा बिल्ला आहे का फळ्यावर?"

"अगं थांब, मी बोलतेय."

"मग तू कशी बोलतेस?" तिनं मला सोडलं आणि स्टूल ओढत फळ्यापाशी नेलं. वर चढली. पोपटाचा बिल्ला काढला. कोंडीराम आतून "निशा" म्हणाले, पण फार हळू. "आजी किती दिवस दारावरच आहे," निशा प्रज्ञेशला सांगत होती. तिनं पोपट शेवटच्या खिळ्यावर टांगला, झाडाच्या चित्राखाली. सुट्टीवर. मग चष्म्याचा बिल्ला घेऊन दाराच्या खिळ्यावर लावला आणि स्टुलावरूनच ओरडली, "आबा, तुमचा नंबर!"

कोंडीराम फळ्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. हाताला कणीक होती, पुसणार कशानं? मग गोळा परातीत ठेवला, हात धुतले, पंच्याला पुसले आणि दारात आले. मी बाजूला झाले.

"दुर्गाबाई माह्यी बायको. ती गेली," ते त्या बाईला म्हणाले. "मी कोंडीराम. लेकरं मी सांभाळतो. आधीपासून मीच. तुम्ही भरवसा नका ठेवू. आत येजा, बसजा, पाहजा."

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं. मग तिनं बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली, मी बसायची त्याच कोपऱ्यात. तिची मुलगी कडेवरून उतरून थेट फळ्यापाशी गेली.

संध्याकाळी मी निशाला न्यायला गेले तेव्हा कोंडीराम हातोडी आणि खिळा घेऊन पत्र्याच्या कोऱ्या चकतीवर खटारा गाडी ठोकत होते. नवीन मुलीला गाडीच हवी होती. त्यांनी दारात येऊन निशाची वही माझ्या हातात दिली आणि "वाचून घ्या" म्हणून परत कामाला बसले. ते पान मी कुठल्याच कार्यशाळेत दाखवत नाही.

"भात एक वाटी, लिंबू घालून. झोप अजिबात नाही. आज दुर्गाला सुट्टी दिली."